चौदा ते वीस तारखेचे सहा दिवस

नमस्कार मंडळी. जीएसटीचं कोणतं सॉफ्टवेअर घ्यावं, असं मला दर आठवड्याला कुणी ना कुणी विचारतं. मी नाव सांगत नाही. ठोक व्यापाऱ्याला जे पुरतं ते सेवा देणाऱ्याला पुरत नाही, आणि एका राज्यात नोंदणी असलेल्याचं काम तीन राज्यांत नोंदणी असलेल्यापेक्षा फार वेगळं असतं. पण सॉफ्टवेअरची परीक्षा कशी घ्यायची, ते मात्र सांगता येतं.

दरमहा रिटर्न भरणाऱ्यांना तारखा पाठ असतात. अकरापर्यंत विक्रीचं जीएसटीआर-१. चौदाला जीएसटीच्या सरकारी पोर्टलवर २बी तयार होतं, म्हणजे पुरवठादारांनी तुमच्या नावावर दाखवलेल्या बिलांची यादी. आणि वीसपर्यंत ३बी, म्हणजे महिन्याच्या विक्री-खरेदीच्या कराचा गोषवारा, भरून कर भरायचा. १ जानेवारी २०२२ पासून कायदा असा आहे की पुरवठादाराने दाखवलं नाही त्या बिलाचं क्रेडिट, म्हणजे खरेदीवर दिलेल्या कराची आपल्या करातून वजावट, घेता येत नाही. दोन लाखांचा माल घेतला, १८ टक्क्यांनी ३६,००० रुपये कर त्याला दिला, आणि त्याने बिल दाखवायचं राहून गेलं, तर त्या महिन्यात ते ३६,००० तुमच्या खिशातून पुन्हा जातात. न बघता क्रेडिट घेऊन वापरलं, तर पुढे ते १८ टक्के व्याजासकट परत करावं लागतं. म्हणून चौदा ते वीस हे सहा दिवस. बिल छापणं आणि रिटर्न अपलोड करणं आज सगळीच सॉफ्टवेअरं करतात. त्यांच्यातला फरक या सहा दिवसांत कळतो.

जवळून बघू. पुरवठादाराच्या बिलावर छापलेलं असतं ‘एसटी/०४७/२५-२६’. आपला अकाउंटंट घाईत ‘४७’ एवढंच टाकतो. पोर्टलवर पूर्ण नंबर, आपल्या खरेदी नोंदीत दोन आकडे. साधं सॉफ्टवेअर म्हणतं, जुळत नाही, आणि ओळ लाल करतं. एका कारखान्याचे हिशेब मी बघायला बसलो, तेव्हा एका महिन्याच्या शंभराहून जास्त ओळी लाल होत्या. एकेक उघडली. बहुतेक ठिकाणी नंबर लिहिण्याची तऱ्हा वेगळी, काही ठिकाणी पैशांचा राउंड-ऑफ, काही ठिकाणी आपण ३१ तारखेचं बिल पुढच्या महिन्यात नोंदवलेलं. पुरवठादारांनी खरोखर न दाखवलेली बिलं पाचच होती, पण त्या शंभरांत ती दिसतच नव्हती. दिसली तोवर अठरा तारीख उजाडली होती.

चांगलं सॉफ्टवेअर इथे काय करतं? नंबर वेगळा असला तरी जीएसटी क्रमांक, तारीख, करपात्र रक्कम आणि कर जुळताना दिसले, की दोन्ही बिलं शेजारी शेजारी ठेवून विचारतं, हे एकच का? आपण हो म्हटलं की त्या पार्टीची तऱ्हा पुढच्या महिन्यासाठी लक्षात ठेवतं. परस्पर जुळवून टाकणारं सॉफ्टवेअर मला चालत नाही. जुळवलं तर कशावरून जुळवलं, ते दिसलंच पाहिजे. नोटीस आली की उत्तर तुम्हाला द्यायचं असतं, सॉफ्टवेअर कंपनीला नाही.

ऑक्टोबर २०२४ पासून यात पोर्टलवरच्या आयएमएसची, म्हणजे इन्व्हॉइस मॅनेजमेंट सिस्टीमची, भर पडली आहे. पुरवठादाराने टाकलेलं बिल तुम्ही तिथे स्वीकारू शकता, नाकारू शकता किंवा प्रलंबित ठेवू शकता. काहीच केलं नाही तर ते स्वीकारलं असं धरलं जातं. काही सॉफ्टवेअरं यासाठी ‘सगळी स्वीकारा’ असं एक बटण देतात. विक्रेता ते मोठ्या कौतुकाने दाखवतो. तुम्ही त्याला विचारा, पुरवठादाराने चुकून टाकलेली क्रेडिट नोट, म्हणजे आधीच्या बिलाची रक्कम कमी करणारा कागद, या बटणाखाली गेली तर? तीही स्वीकारली जाते, आणि तेवढं तुमचं क्रेडिट कमी होतं.

आता दरांबद्दल. २२ सप्टेंबर २०२५ ला अनेक वस्तूंचे दर बदलले. सिमेंट २८ वरून १८ टक्क्यांवर आलं. समजा, ऑगस्टमध्ये २८ टक्क्यांनी विकलेल्या मालातल्या दहा गोणी ऑक्टोबरमध्ये परत आल्या. क्रेडिट नोट मूळ बिलाच्या दराने, म्हणजे २८ टक्क्यांनीच निघायला हवी. ज्या सॉफ्टवेअरमध्ये एका वस्तूला एकच दर ठेवता येतो, ते तिथे १८ लावून मोकळं होतं. दराला ‘या तारखेपासून’ असा रकाना आहे का, आणि क्रेडिट नोट मूळ बिलाला जोडता येते का, हे समोर बसून करून बघा. दहा मिनिटं लागतात, आणि बऱ्याच उत्पादनांचा निकाल इथेच लागतो.

ई-इन्व्हॉइसचं, म्हणजे सरकारी पोर्टलवर नोंदवायच्या बिलाचं, थोडक्यात सांगतो. १ ऑगस्ट २०२३ पासून पाच कोटींवरच्या उलाढालीला ते लागू आहे, आणि १ एप्रिल २०२५ पासून दहा कोटी व त्यापुढच्यांना बिलाच्या तारखेपासून तीस दिवसांतच ते पोर्टलवर नोंदवावं लागतं. अडकलेली बिलं पहिल्याच पडद्यावर दिसावीत, एवढं बघा. तुमची प्रायव्हेट लिमिटेड कंपनी असेल तर आणखी एक अट आहे. १ एप्रिल २०२३ पासून हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक फेरफाराची नोंद राहिली पाहिजे आणि ती बंद करता येता कामा नये. विक्रेता ‘हवं तर बंद करून देतो’ म्हणाला, तर तिथूनच उठा.

शेवटचा मुद्दा मला सगळ्यात जिव्हाळ्याचा आहे, कारण मी स्वतः त्यात पोळलो आहे. एका सॉफ्टवेअरची वर्गणी आम्ही पुढे चालू ठेवली नाही. दुसऱ्या आठवड्यात लॉगिन बंद. बरीच पत्रं लिहिल्यावर तीन वर्षांचा हिशेब मिळाला तो पीडीएफमध्ये, हजारो पानं, ना शोधता येत ना बेरीज करता येत. आणि कायदा सांगतो की वार्षिक रिटर्नच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने नोंदी जपायच्या. म्हणजे २०२५-२६ च्या नोंदी ३१ डिसेंबर २०३२ पर्यंत.

तेव्हा डेमोला जाताना विक्रेत्याच्या नमुन्याच्या कंपनीवर समाधान मानू नका. आपल्या गेल्या वर्षातला सगळ्यात गोंधळाचा महिना निवडा. त्याची खरेदी नोंद आणि २बी, दोन्ही फायली पेनड्राइव्हवर घ्या आणि त्याच्यासमोर टाकायला लावा. लाल ओळी मोजा. मग सगळा डेटा एक्सेलमध्ये काढून घ्या, सॉफ्टवेअर नसलेल्या दुसऱ्या संगणकावर उघडा आणि आपल्या अकाउंटंटला त्यातलं कोणतंही एक बिल शोधायला सांगा. ते कर, तारीख आणि पार्टीच्या क्रमांकासकट सापडलं, की मग किमतीचं बोलायला बसा.