फेल गेलेल्या बोअरची नोंद कुठे असते?

होळी झाली की खान्देशात बोअरच्या गाड्या दिसू लागतात. त्यातल्या बऱ्याचशा पार तमिळनाडूतल्या तिरुचेनगोडकडच्या. रात्रीतून दोन-तीनशे फूट खाली जायचं, फुटावर पैसे घ्यायचे आणि उजाडता पुढचं गाव गाठायचं. पाणी लागलं तर शेतकरी तलाठ्याकडे जातो, कारण वीजजोडणीसाठी त्याला सातबाऱ्यावर नोंद हवी असते. ‘बोर फेल गया’ म्हटल्यावर मात्र त्या बोअरचा कागदाशी संबंध संपतो. मुलांचे टाळता येणारे मृत्यू म्हटलं की आपण नंदुरबारच्या कुपोषणाबद्दल बोलतो, ते बोलायलाच हवं. मी आज फक्त मुलं ज्यांत पडून मरतात त्या जमिनीतल्या खड्ड्यांबद्दल, म्हणजे उघडी बोअर आणि शेततळ्यांबद्दल बोलणार आहे. इथे सरकारची पहिली चूक अगदी साधी आहे. खड्डा कुठे आहे हेच त्याला माहीत नसतं.

नियम नाहीत असं नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली फेब्रुवारीत आणि ऑगस्टमध्ये आदेश दिले. बोअर घेण्याच्या १५ दिवस आधी जिल्हाधिकारी किंवा सरपंचांना लेखी कळवायचं. खोदणाऱ्या एजन्सीची नोंदणी हवी. काम चालू असताना काटेरी तारेचं कुंपण आणि मालकाचा पत्ता लिहिलेला फलक हवा. केसिंगभोवती, म्हणजे बोअरची भिंत ढासळू नये म्हणून आत घातलेल्या पाइपाभोवती, ०.५० बाय ०.५० बाय ०.६० मीटरचा सिमेंटचा ओटा, त्यातला निम्मा जमिनीवर, निम्मा खाली. तोंडावर वेल्डिंग केलेली पत्रा-प्लेट किंवा नटबोल्टचं झाकण. सोडून दिलेलं बोअर तळापासून जमिनीपर्यंत भरायचं आणि भरल्याचा दाखला घ्यायचा. ग्रामीण भागात लक्ष ठेवायचं सरपंचाने आणि कृषी खात्याच्या अधिकाऱ्याने. आता हे सगळं १५ दिवस आधीच्या त्या पत्रावर उभं आहे, आणि ते पत्र देतं कोण? पाण्याची घाई असलेला माणूस १५ दिवस वाट बघत नाही. म्हणून यादी शेतकऱ्याकडून न मागता गाडीवाल्याकडून मागावी. त्याच्या वहीत गाव, फूट आणि केसिंग किती टाकलं हे सगळं असतं, कारण त्यावरच त्याचं बिल होतं. दर महिन्याला ती वही तहसीलमध्ये दाखवल्याशिवाय गाडीला तालुक्यात पुढचं काम नाही, एवढी अट पुरे.

बोअर उघडं का पडतं, हे जमिनीवर ठरतं. साक्री, पारोळ्याकडे काळा पाषाण. तिथे केसिंग मुरमाच्या थरापुरतं असतं, खाली भिंत आपली आपण उभी राहते. रावेर, यावल, चोपड्याच्या केळीपट्ट्यात तापीचा गाळ खोलवर आहे. तिथे केसिंग बरंच खाली न्यावं लागतं, म्हणजे पाइपाला पैसा बराच गेलेला असतो. बोअर आटलं की तो पाइप उपसून विकतात किंवा दुसऱ्या बोअरला वापरतात. आधाराविना वरची माती ढासळते, आठ इंचाचं तोंड फनेलसारखं रुंद होतं. त्यावर कुणीतरी गोणपाट टाकतं, वर चार काटक्या. झाकलेलं दिसतं म्हणून मूल बिनधास्त पाय टाकतं. उघड्या भोकापेक्षा हे वाईट.

भरायला किती लागतं? साडेसहा इंची, २०० फुटी बोअरला साधारण ४६ घनफूट, म्हणजे अर्धा ब्रासही नाही (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट). दहा इंची ३०० फुटांना १६४ घनफूट, दीड ब्रासच्या थोडं वर. अवघड आहे ते नीट भरणं. आदेशात मोठे दगडही चालतील असं आहे, पण साडेसहा इंचांत मुठीएवढा दगडही मध्येच अडकू शकतो. वर माती चढते, खाली पोकळी तशीच राहते आणि पहिल्या मोठ्या पावसात सगळं खाली बसतं. म्हणून बारीक खडी, वाळू किंवा बोअरमधूनच निघालेला चुरा घमेल्याने हळूहळू सोडायचा. मधून मधून दोरीला वजन बांधून खोली मोजायची. हिशोबापेक्षा कमी मालात बोअर भरलं तर समजा, मध्ये कुठेतरी अडकलंय. वरच्या तीन फुटांत आपली काळी माती घालू नका, उन्हाळ्यात ती भेगाळते. चिकट पिवळी माती ठोकून घ्या, वर फूटभर उंचवटा ठेवा आणि पाऊस झाल्यावर पुन्हा भर घाला.

बोअरमध्ये मूल अडकलं की टीव्हीचे कॅमेरे येतात. शेततळ्यात बुडालं की दुसऱ्या दिवशी आतल्या पानावर चार ओळी येतात. तीस बाय तीस मीटरचं, तीन मीटर खोल शेततळं घ्या. काठाचा उतार ४५ अंशांचा असला तर तिरकस बाजू सव्वाचार मीटर भरते. तिच्यावर ५०० मायक्रॉनचा प्लास्टिक कागद, त्यावर शेवाळ. मोठ्या माणसालाही चढता येत नाही, म्हणून वाचवायला उतरलेला भाऊ किंवा आईही जाते. उपाय स्वस्त आहेत: चारही बाजूंना खुंटीला बांधलेले दोर, फूट-फूट अंतरावर गाठी, दोन हवा भरलेल्या ट्यूब, पाच फुटी जाळीचं कुंपण आणि मुलाचा हात पोहोचणार नाही अशी कडी. अनुदान देताना खड्ड्याची लांबी-रुंदी टेप लावून मोजतात. त्याच वेळी कुंपणाचा फोटो मागावा, आणि तो येईपर्यंत पैसे थांबवावेत.

कुंपण झालं तरी मूल कुणाकडे, हा प्रश्न उरतो. अंगणवाडी दुपारी सुटते, केळी भरणारी आई अंधार पडता घरी येते. २००५ च्या रोजगार हमी कायद्याने कामावर सहा वर्षांखालची पाच मुलं असली की त्यांना सांभाळायला एक बाई नेमायला सांगितलं होतं. खासगी शेतमजुरीला अशी काही तरतूद नाही. अंगणवाडीलाच पाळणाघर जोडणारी केंद्राची ‘पाळणा’ योजना आहे. ती हंगामाच्या गावांत आधी आणावी.

बुडालेल्या मुलाला उलटं धरून गरगर फिरवतात, पोट दाबतात. त्यात वेळ जातो. चार-पाच मिनिटांत मेंदूला इजा होते. श्वास थांबला असेल तर आधी तोंडाने श्वास द्यायचा, मग छातीवर दाब, ३० दाबांमागे २ श्वास, आणि दुसऱ्याने १०८ लावायचा. हे गावात निदान दहा जणांना यायला हवं. आशाताई एकटी प्रत्येक शेतावर पोहोचणार नाही.

आणखी एक गोष्ट. शेतकरी अपघात अनुदानाच्या योजनेत वयाची अट १० ते ७५ अशी आहे. म्हणजे ज्या वयात मूल खड्ड्यात पडतं, ते वय योजनेच्या बाहेर.

१ मेच्या ग्रामसभेत फेल बोअर आणि बिनकुंपणाच्या तळ्यांची यादी गट नंबरासह वाचून घ्या. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरवाशिणी लेकरं घेऊन याच सुमारास येतात, आणि पाऊस सुरू व्हायला तेव्हा सहाएक आठवडे उरलेले असतात.