सेलला पाणी सुटलं? थांबा, लिंबू आधी खाली ठेवा!

(हातात एसीचा रिमोट, मागचं झाकण काढलेलं, आत पांढरं जमलेलं)

हे पाहा. दिसून राहिलं का? थोडं जवळ घेतो. हा चुना नाही, मीठ नाही. मागच्या जूनमध्ये पहिला पाऊस पडला, एसी बंद झाला आणि हा रिमोट ड्रॉवरमध्ये गेला. मार्चच्या शेवटी बाहेर निघाला तो असा.

नागपुरात दर वर्षी हाच हंगाम. इकडे कूलरच्या ताट्या बदलणं सुरू होतं आणि तिकडे माझ्या कमेंटमध्ये एकच प्रश्न येतो, "दादा, रिमोटमधल्या सेलला पाणी सुटलं, काय करू?" कूलरच्या पंपाच्या व्हिडिओखाली तेच, इस्त्रीच्या व्हिडिओखाली तेच. एका ताईंनी तर कुकरच्या शिट्टीच्या व्हिडिओखाली विचारलं. म्हणून आज हा विषय घेतला.

आणि हो, आणखी एक कमेंट, सारखी सारखी: "दादा, तुमच्या मागचं घड्याळ तीन व्हिडिओपासून सव्वादहा वाजवून राहिलं." राजेहो, तुम्ही व्हिडिओ पाहता की भिंत पाहता? होईल ते, शेवटी पाहू.

आधी एक शब्द साफ करून घेतो. माझे आजोबा बॅटरी म्हणायचे ते टॉर्चला. "बॅटरी आण, बॅटरीत सेल टाक." मी पण सेलच म्हणणार आहे. मागच्या वेळी कोणीतरी लिहिलं होतं की शुद्ध शब्द बॅटरी आहे. भाऊ, एक असला की सेल, एकाहून जास्त जोडले की बॅटरी. या हिशोबाने आजोबाच बरोबर होते.

आता पाणी का सुटतं, ते एका मिनिटात. बाजारात मुख्यतः दोन प्रकारचे पेन्सिल सेल मिळतात. एक साधा, झिंक-कार्बनवाला, ज्याच्यावर पुष्कळदा "हेवी ड्यूटी" लिहिलेलं असतं. दुसरा अल्कलाइन. दोन्ही १.५ व्होल्टचेच. साध्या सेलमध्ये आतला डबा जस्ताचा असतो आणि वीज तयार होताना तेच जस्त खर्च होतं. म्हणजे ज्या द्रोणात भाजी वाढली, तोच द्रोण हा खाऊन राहिला. सेल संपत आला की डबा पातळ होतो, भोक पडतं आणि आतला चिकट, आंबट लगदा बाहेर येतो. अल्कलाइनचा डबा पोलादी असतो, त्याला सहसा भोक पडत नाही. पण त्याच्या पोटात हायड्रोजन वायू तयार होतो. दाब वाढला की चपट्या टोकाकडचं सील उघडतं आणि पोटॅशियम हायड्रॉक्साइड बाहेर झिरपतं. त्याला हवेतला कार्बन डायऑक्साइड लागला की ही पांढरी भुकटी तयार होते, पोटॅशियम कार्बोनेट. झालं. एवढं कळलं तरी पुरे.

आता साफसफाई. इथेच सगळा घोळ आहे. मागे मी एका व्हिडिओत सहज बोलून गेलो की लिंबू लावा. त्याखाली दोन पार्ट्या पडल्या. एक पार्टी म्हणे लिंबू, दुसरी म्हणे खायचा सोडा. एकाने लिहिलं, "सोडा लावला, काहीच झालं नाही, तुम्ही फेकू आहात." अरे, मी लिंबू म्हटलं होतं बाप्पा!

पण चूक माझीही होती. सेल कोणता ते मी सांगितलंच नाही. अल्कलाइनमधून निघतो तो क्षार आहे, म्हणजे आम्लाच्या उलट, त्याला आंबट पाहिजे, म्हणजे लिंबू किंवा व्हिनेगर. साध्या सेलमधून निघतं ते आम्ल, त्याला सोडा पाहिजे. क्षारावर सोडा टाकला तर काय होणार? काही नाही. म्हणून लिंबू खाली ठेवा आणि आधी सेलवरचं लेबल वाचा. अल्कलाइन असेल तर तसं लिहिलेलं असतंच, ती मिरवायची गोष्ट आहे. काहीच लिहिलं नसेल तर साधा समजा. लेबलच गळून गेलं असेल तर रंग पाहा: पांढरं, कोरडं, फुललेलं असेल तर बहुतेक अल्कलाइन, तपकिरी आणि चिकट असेल तर बहुतेक साधा.

लावायचं कसं? कान साफ करायची काडी घ्या, दोन थेंब लिंबू, आणि फक्त जिथे पांढरं आहे तिथे टेकवा. फसफस होईल. ती थांबली की पुसा, मग पाण्याने ओलसर केलेल्या काडीने परत पुसा, कारण लिंबू आत राहिलं तर तेही धातू खातं. मग स्पिरिट असेल तर स्पिरिट, आणि निदान दोन-तीन तास उघडं ठेवून कोरडं करा. साधा सेल असेल तर ओल्या कापडानेच बरंचसं निघतं, उरलेल्याला सोड्याचा चिमूटभर लगदा. सेल टेकतो ती धातूची पत्ती काळी पडली असेल तर खोडरबर घासा. स्प्रिंग गंजून तुटली असेल तर बर्डीवर, म्हणजे आपल्या सीताबर्डीच्या बाजारात, सुट्टी मिळते.

"दादा, लिंबाऐवजी संत्रा चालेल का?" हा प्रश्न फक्त नागपूरकरच विचारू शकतो. नाही चालणार. संत्र्यात आम्ल कमी, साखर जास्त. रिमोटला मुंग्या लागतील.

दोन गोष्टी गंभीरपणे सांगतो. पांढरी भुकटी दिसली की फुंकर मारू नका. आपली सवय असते, धूळ दिसली की फू. ती भुकटी डोळ्यात गेली तर जाळते. गेलीच तर पंधरा मिनिटं नळाखाली डोळा धुवा आणि सरळ डॉक्टर गाठा. हातात मोजा नसेल तर प्लास्टिकची पिशवी घाला. दुसरं म्हणजे गाडीच्या चावीत, वजनकाट्यात असतो तो बटणासारखा चपटा लिथियम सेल. तो मुलाने गिळला तर दोन तासांतही अन्ननलिका जळू शकते. केळं खाऊ घालून वाट पाहत बसू नका, लगेच दवाखाना.

(रिमोट बाजूला ठेवतो)

बरं. आता ज्याच्यासाठी मी खरं म्हणजे हा व्हिडिओ करून राहिलो ते.

पाणी कोणत्या सेलला सुटतं? संपलेल्या. भरलेला सेल सहसा शांत बसतो, हा त्रास मेलेल्याचा आहे. आणि मेलेला आपण घरात ठेवतो. रिमोट चालत नाही, मग तळहातावर थोपटतो. मग झाकण काढून सेल जागच्या जागी गोल फिरवतो. मग दाताने चावतो, हो, चावणारे आहेत, मला माहीत आहे. आणि शेवटी काय करतो? एकच सेल बदलतो! एक नवा, एक जुना. या एका गोष्टीवर माझं डोकं फिरतं.

असं समजा, पोळा झाला, तुम्ही एक तरणाताठा बैल आणला आणि त्याला म्हाताऱ्या बैलाच्या शेजारी एकाच जुवात जुंपला. नवा ओढणार. म्हातारा थकणार, पण थांबू शकत नाही, कारण जू एकच आहे. तो फरफटत जाणार. सेल एकामागे एक लावले की हेच होतं. सगळ्यांतून करंट तेवढाच जातो. ज्याच्यात काही उरलं नाही त्याच्यातूनही जातो, त्याची इच्छा असो की नसो.

बैल पटत नसेल तर मीटर पाहा, व्होल्ट मोजायचा. आमच्या बाबांचं बीपीचं मशीन, चार सेलवालं. बाबांनी दोन बदलले, दोन "अजून चांगले आहेत" म्हणून ठेवले. पंधरा दिवसांनी मशीन अर्ध्यात बंद पडायला लागलं. मी पट्टा फुगवायला लावला आणि मशीन चालू असताना एकेका सेलवर मीटर टेकवला. दोन सेल १.४ च्या आसपास, एक ०.९, आणि एक उणे ०.२. उणे! म्हणजे बाकीचे तिघं मिळून त्याला उलटा करून राहिले होते. असा उलटा झालेला सेल आतमध्ये वायू तयार करतो, आणि वायू झाला की सील उघडतं, ते आत्ताच सांगितलं. मी बाबांना म्हटलं, चारही काढा. ते म्हणाले, "मोजून तर होऊन जाऊ दे." मग मी पण विसरलो. दिवाळीत फराळाच्या डब्यामागे ते मशीन सापडलं. आतल्या पट्टीपर्यंत सगळं हिरवं झालं होतं. लिंबू, स्पिरिट, खोडरबर, सगळं केलं. नाही वाचलं.

रिमोटमध्ये करंट फार कमी लागतो, म्हणून तिथे हे प्रकरण सावकाश होतं. मुलांच्या खेळण्यात, टॉर्चमध्ये, बीपीच्या मशीनमध्ये, जिथे तीन-चार सेल आणि मोटर किंवा दिवा आहे, तिथे लवकर होतं. ब्रँड वेगळे केले तरी तेच, साधा आणि अल्कलाइन जोडीला लावला तरी तेच.

यावर एक काकू दर वेळी लिहितात: "पण बाळा, चांगला सेल फेकायचा का? पैसे काय झाडाला लागतात?" काकू, तुमचं बरोबर आहे. फेकू नका. पण त्याला जोडीत लावू नका, एकटा ठेवा. भिंतीवरच्या घड्याळात एकच सेल लागतो. तिथे लावला की ना त्याला कोणी ओढत, ना तो कोणाला ओढत. महिनोन् महिने चालेल. घड्याळ थांबलं की त्याच दिवशी काढायचा. आजी म्हणायची बंद घड्याळ घरात ठेवू नये, अपशकुन असतो. शकुनाचं मला माहीत नाही, पण त्या नियमाने कितीतरी घड्याळं वाचली.

आजोबांचं मात्र उलटं होतं. काटोलकडे आमचं गाव, रेडिओला मोठे सेल लागायचे, आकाशवाणी नागपूर लावून बसायचे. आवाज बारीक झाला की सेल काढून टिनावर उन्हात वाळत घालायचे, कुरडया घालतात तसे. आणि राजेहो, चालायचे! संध्याकाळच्या बातम्या व्हायच्या. साध्या सेलला थोडा आराम आणि ऊब मिळाली की आतली रासायनिक क्रिया जराशी सावरते, तेवढ्यापुरती. पण उष्णतेने जस्त झिजणंही वाढतं. त्या रेडिओच्या खालच्या खणात काय चिखल झाला होता ते मी पाहिलं आहे. म्हणून उन्हात ठेवू नका, गाडीच्या डॅशबोर्डवर तर मुळीच नाही. आपल्याकडे २३ मे २०१३ ला ४७.९ अंश झालं होतं. आणि २०२४ च्या मे महिन्यात ५६ चा आकडा आला, आठवतं ना? तो हवामान केंद्राच्या सेन्सरचा बिघाड निघाला. म्हणजे आपल्या उन्हात सेन्सर पण गोंधळतो, सेलचं काय घेऊन बसलात.

फ्रिजमध्ये ठेवायची गरज नाही, उलट ओल धरते. कपाटात ठेवा. आणि सेल टेबलावर टाकून उसळला तर संपला, न उसळला तर चांगला, हा प्रयोग पाठवणाऱ्यांनो: २०१५ मध्ये प्रिन्स्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी तपासून पाहिलं, अल्कलाइन सेल अर्धा भरलेला असतानाच चांगला उसळायला लागतो. त्यावरून संपला की नाही ते कळत नाही. मीटर घ्या.

खेळण्यांसाठी चार्ज होणारे सेल घ्या, ते १.२ व्होल्टचे असतात पण बहुतेक खेळण्यांना पुरतात आणि गळतातही क्वचित. जुने सेल ओल्या कचऱ्यात टाकू नका, सुक्यातही नाही. २०१६ च्या घनकचरा नियमांत वापरलेले सेल घरगुती घातक कचऱ्यात धरले होते, वेगळ्या पिशवीत द्या. शेकोटीत टाकलेत तर माझा व्हिडिओ पाहिला असं कोणाला सांगू नका.

आणि एसी बंद करायच्या दिवशी, जूनमध्ये, रिमोटमधून दोन्ही सेल काढा. दोन्ही. एकाच कागदात गुंडाळून त्याच ड्रॉवरमध्ये ठेवा.

(उठतो, भिंतीवरचं घड्याळ काढतो)

चला, आता तुमचं सव्वादहा. याच्यात अल्कलाइन होता, मीच टाकला होता दिवाळीला, म्हणजे पांढरं निघेल. लिंबू तयार आहे. हे पाहा, झाकण...

(थांबतो)

सेलच नाही याच्यात. आई! या घड्याळातला सेल कोणी काढला?

(आतून आवाज) "मीच काढला. टीव्हीच्या रिमोटमधला एक गेला होता म्हणून त्यात टाकला."

आई, एकच टाकला?

(आतून) "मग काय झालं? चालून तं राहिला ना!"