मुलाचा लिपिड रिपोर्ट नॉर्मल आलाय? वय बघून परत एकदा वाचा

"ताई, काहीच ठळक आलं नाहीये, म्हणजे सगळं नॉर्मलच ना?" काउंटरवर हा प्रश्न मला इतक्यांदा विचारतात ना, की म्हटलं आज यावर नीट बोलूया. मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते, डॉक्टर नाहीये, त्यामुळे औषधबिषधाचं मी काही सांगणार नाही. पण लिपिडचे, म्हणजे रक्तातल्या चरबीचे रिपोर्ट रोज हातातून जातात आणि त्यात एक गोष्ट आहे जी आईवडलांच्या नजरेतून हमखास सुटते.

एक रिपोर्ट सांगते, नाव सांगत नाही. नववीतला मुलगा, 14 वर्षांचा, उंची पाच फूट तीन इंच आणि वजन 78 किलो. वडिलांना 41 व्या वर्षी हृदयाच्या धमनीत स्टेंट बसलेला, म्हणून आई घाबरून मुलाला घेऊन आली होती. टोटल कोलेस्टेरॉल 167, एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) 98, एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) 41, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) 142. शेजारी छापलेली रेंज काय? टोटल 200 च्या आत, ट्रायग्लिसराइड 150 च्या आत, एचडीएल 40 च्या वर. सगळं बसतंय. आईचा चेहरा असा खुलला, मला पुढे बोलणं जिवावर आलं.

कारण ती रेंज मोठ्या माणसांची आहे! बऱ्याच रिपोर्टवर हीच छापलेली असते, पेशंट 14 वर्षांचा असो नाहीतर 54 चा. 10 ते 19 वयात ट्रायग्लिसराइड 90 च्या आत हवं आणि 130 च्या पुढे गेलं की ते जास्तच धरतात. म्हणजे याचं 142 हे सरळ सरळ वाढलेलं आहे. एचडीएल 45 च्या वर असलेलं बरं, याचं 41. आता टोटलमधून एचडीएल वजा करा, 126 येतं, त्याला नॉन एचडीएल म्हणतात, बऱ्याच रिपोर्टवर ते छापलेलंही असतं पण कोणी बघत नाही. मुलांमध्ये ते 120 च्या आत हवं आणि 145 पासून पुढे जास्त, म्हणजे हा पोरगा मधल्या पट्ट्यात आलाच की.

आणि वजन जास्त असलेल्या मुलांचं चित्र बहुतेक वेळा असंच दिसतं बरं का. टोटल ठीकठाक, एलडीएल पण फार नाही, पण ट्रायग्लिसराइड वर आणि एचडीएल खाली. 2016 ते 18 मध्ये आपल्या देशात मुलांचा मोठा राष्ट्रीय पोषण सर्वे झाला, त्यात 10 ते 19 वयाच्या मुलांमध्ये टोटल वाढलेली साधारण 4 टक्के होती, पण ट्रायग्लिसराइड वाढलेली 16 टक्के आणि एचडीएल कमी असलेली 28 टक्के. त्यामुळे नुसतं टोटल बघून कागद घडी घालून ठेवला तर खरा प्रॉब्लेम घडीतच राहतो.

हे होतं कसं, तर शरीराला लागते त्यापेक्षा जास्त साखर आणि मैदा गेला की लिव्हर त्याची चरबी बनवतं आणि रक्तात सोडतं, तेच ट्रायग्लिसराइड. ते वाढलं की एचडीएल लवकर संपतं आणि एलडीएलचे कण बारीक आणि घट्ट होतात, हे बारीक कण रक्तवाहिनीच्या भिंतीत जास्त सहज शिरतात, आकडा नॉर्मल दिसला तरी. म्हणून घरी तूप आणि अंडी बंद करून मुलाच्या हातात कोल्ड्रिंकची बाटली तशीच ठेवली तर उपयोग काय? 250 मिलीच्या बाटलीत 25 ग्रॅमच्या वर साखर असते, पाच सहा चमचे, वर चहाबरोबर खारी नाहीतर बिस्किटाचा अर्धा पुडा, क्लासवरून येताना वडापाव. मी आईला आधी हेच विचारलं, तर म्हणाली तूप तर आम्ही कधीच बंद केलंय.

"अहो पण एवढ्याशा वयात हार्टचं काय" असं म्हणणाऱ्यांसाठी. अमेरिकेत लुइझियानामध्ये बोगालुसा नावाचं छोटं गाव आहे, तिथे 1970 च्या दशकापासून मुलांच्या तपासण्या करत आलेत. अपघात वगैरे कारणांनी गेलेल्या 2 ते 39 वर्षांच्या 204 जणांच्या रक्तवाहिन्या तपासल्या आणि 1998 मध्ये ते छापून आलं. 15 वर्षांपर्यंतच्या मुलांमध्येही जवळजवळ निम्म्यांच्या हृदयाच्या धमन्यांत चरबीचे पट्टे होते, आणि वजन, बीपी, कोलेस्टेरॉल, ट्रायग्लिसराइड जितकं जास्त तितके पट्टे जास्त. आता या मुलांना काही चौदाव्या वर्षी अटॅक येत नाही, पण सुरुवात तिथून होते.

त्यात आपलं शरीर आणखी वेगळं. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुण्याजवळच्या खेड्यांत अभ्यास केला, त्यात दिसलं की आपली बाळं जन्मतः वजनाला कमी, हातपाय बारीक, पण त्या मानाने अंगात चरबी जास्त. म्हणूनच आपल्याकडे मुलांच्या डॉक्टरांच्या तक्त्यांमध्ये जाडीची रेषा खाली ओढलीय, मोठ्यांच्या बीएमआयच्या (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) हिशोबाने जास्त वजन आणि लठ्ठपणासाठी 25 आणि 30 च्या जागी 23 आणि 27. घरी बघायचं तर टेप घ्या, पोटाचा घेर उंचीच्या निम्म्यापेक्षा जास्त नको. आणि मानेमागे काळा, जाडसर, मखमलीसारखा पट्टा दिसतो ना, तो मळ नाहीये हो! आया घासून घासून कातडी सोलतात पोरांची. बऱ्याचदा ती इन्सुलिन नीट काम करत नसल्याची खूण असते, डॉक्टरांना दाखवा.

आता जी गोष्ट मला त्या आईला सगळ्यात आधी सांगायला हवी होती. 2011 मध्ये अमेरिका, फिनलंड आणि ऑस्ट्रेलियातल्या चार अभ्यासांचे आकडे एकत्र केले, 6,328 माणसं, सरासरी 23 वर्षं पाठपुरावा. लहानपणी जाड होते पण मोठेपणी जाड राहिले नाहीत, अशांचा डायबेटिस, बीपी, कोलेस्टेरॉलचा धोका लहानपणापासून नॉर्मल वजन असलेल्यांच्या जवळपास आला. म्हणजे वेळ गेलेली नाहीये. आणि वाढीच्या वयात उपाशी ठेवायचं नाही, कित्येकदा वजन आहे तिथे थांबलं आणि उंची वाढली तरी फरक पडतो, ते किती आणि कसं हे डॉक्टर ठरवतील. रोज तासभर घाम येईल असं खेळणं, आठ तास तरी झोप. पीटीचा तास गणिताला देऊन टाकतात ते बघून मला खरंच वाईट वाटतं. आणि प्लीज, पाहुण्यांसमोर जाड्या, ढोल्या म्हणू नका, तो पोरगा सुई टोचताना रडला नाही, पण आईने सगळ्यांसमोर वजन सांगितलं तेव्हा मान खाली घातली.

एका रिपोर्टवर घाबरायचं पण नाही. तपासणी 12 तास उपाशीपोटी करायची, पाणी चालतं, ताप येऊन गेला असेल तर दोन तीन आठवडे थांबा, आणि आकडा वाढलेला आला तर डॉक्टर साधारण दोन आठवडे ते तीन महिन्यांत परत करायला सांगतात. एलडीएल 160 च्या वर आणि घरात लवकर हार्टचा त्रास, किंवा घरात कोणाला त्रास नसतानाही 190 च्या वर, तर तो वाढलेल्या कोलेस्टेरॉलचा आनुवंशिक प्रकार असू शकतो, साधारण अडीचशे माणसांत एकाला असतो आणि बारीक मुलांनाही असतो, तिथे नुसतं खाणं बदलून भागत नाही.

तो मुलगा सात महिन्यांनी परत आला. वजन 77, उंची दीड इंच वाढलेली, ट्रायग्लिसराइड 104. कोल्ड्रिंक बंद आणि संध्याकाळी कबड्डी, एवढंच म्हणाला. आई विचारत होती धाकटीची पण करू का, ती बारीकच आहे, 10 वर्षांची. मी म्हटलं हो, 9 ते 11 हे वय तसंही एकदा तपासायचंच असतं आणि वडिलांना 55 च्या आत त्रास झालाय म्हटल्यावर तर नक्की, शनिवारी सकाळी उपाशीपोटी घेऊन या.