छॉयचा शिष्य

नमस्कार श्रोतेहो.

आज मी ज्या स्नूकरपटूबद्दल बोलणार आहे, त्याला बँकॉकमधले लोक तॉङ सित-छॉय म्हणतात. तॉङ हे घरचं, लाडाचं नाव. आणि सित-छॉय म्हणजे छॉयचा शिष्य. उच्चार 'सित' असा होतो, पण थाई लिपीत तो शब्द लिहिलेला पाहिला तर त्यात श, इकार, ष आणि य अशी सगळी अक्षरं दिसतात. फक्त शेवटच्या य-वर एक छोटी खूण असते. हे अक्षर लिहायचं, पण उच्चारायचं नाही, असं सांगणारी. म्हणजे आपलाच 'शिष्य' शब्द त्या देशात जाऊन राहिला आहे. मला हे कळलं तेव्हा फार आनंद झाला होता, म्हणून सुरुवात तिथूनच केली.

त्याचं पाळण्यातलं नाव वत्तना. हेसुद्धा आपल्या ओळखीचं. पालीतलं वड्ढन, संस्कृतातलं वर्धन. जगाने मात्र त्याला जेम्स वत्तना म्हणून ओळखलं.

जन्म बँकॉकचा, १७ जानेवारी १९७०. तो लहानाचा मोठा होत होता तेव्हा व्यावसायिक स्नूकर हा जवळजवळ ब्रिटिशांचा घरचा खेळ होता. स्पर्धा तिथे, टीव्हीवरचं प्रक्षेपण तिथे, बक्षिसाचा पैसा तिथे. गंमत म्हणजे खेळ जन्मला होता आपल्या जबलपूरला, १८७५ साली, लष्करी अधिकाऱ्यांच्या मेसमध्ये. आशियातले खेळाडू हौशी गटात चमकत होते. १९८४ साली भारताचा ओमप्रकाश अग्रवाल डब्लिनमध्ये हौशी विश्वविजेता झाला होता. पण तिथून पुढे व्यावसायिक खेळात पाय रोवायचा, तर वाट कुणी घालून दिलेली नव्हती.

थायलंडमध्ये आणखी एक अडचण. तिथे १९३५ चा जुगाराचा कायदा होता आणि त्याच्या यादीत बिलियर्ड होतं. स्नूकरच्या टेबलाकडे समाज कोणत्या नजरेने बघत असेल, याची कल्पना आपल्याला वेगळी द्यायला नको. 'मुलगा पूल पार्लरमध्ये जातो' हे वाक्य आपल्याकडेही कुठल्या सुरात म्हटलं जातं, ते तुम्ही ऐकलं असेलच.

अशा ठिकाणी १९८६ साली एक निमंत्रितांची स्पर्धा झाली. ब्रिटनहून मोठमोठे खेळाडू बँकॉकला आले. स्टीव्ह डेव्हिस, तोवर तीन वेळा विश्वविजेता. डेनिस टेलर, १९८५ चा विश्वविजेता. टेरी ग्रिफिथ्स, १९७९ चा विश्वविजेता. आणि या तिघांना हरवून स्पर्धा जिंकली सोळा वर्षांच्या वत्तनाने. आपल्या गावच्या मैदानात परदेशी कसोटी संघ यावा आणि दहावीतल्या पोराने त्यांची आघाडीची फळी कापून काढावी, तसंच हे.

त्याच वर्षी तो आशियाई विजेता झाला. १९८८ मध्ये पुन्हा झाला आणि त्याच वर्षी सिडनीला हौशी विश्वविजेतेपदही मिळवलं. १९८९ चा आशियाई विजेता आपला मुंबईचा यासीन मर्चंट. हे सांगितलं म्हणजे त्या काळच्या आशियाई स्नूकरमध्ये आपण कुठे होतो, तेही लक्षात येईल.

१९८९ मध्ये वत्तना व्यावसायिक झाला. वय एकोणीस. आणि काही महिन्यांतच बँकॉकच्या एशियन ओपनमध्ये थेट अंतिम फेरी. समोर स्टीफन हेंड्री, त्याच्यापेक्षा जेमतेम वर्षाने मोठा. वत्तना ९-६ ने हरला. पुढच्या वर्षी हाच हेंड्री सर्वांत लहान वयाचा विश्वविजेता झाला, म्हणजे पहिल्याच हंगामात पोराने कोणाशी झुंज दिली होती ते बघा.

आता १४७ या आकड्याबद्दल थोडं, कारण त्याशिवाय पुढची गोष्ट पोहोचणार नाही. स्नूकरच्या टेबलावर पंधरा लाल चेंडू असतात, प्रत्येकाचा एक गुण. प्रत्येक लाल चेंडूनंतर एक रंगीत चेंडू पॉकेटमध्ये घालायचा, तो दर वेळी परत टेबलावर ठेवतात. त्यात काळा सर्वांत मोलाचा, सात गुणांचा. पंधराही वेळा काळाच घातला तर एकशे वीस गुण. मग उरलेले सहा रंगीत चेंडू ठरलेल्या क्रमाने, त्यांचे सत्तावीस. एकूण १४७. सलग छत्तीस चेंडू, एकही चूक नाही आणि दर वेळी पांढरा चेंडू पुढच्या फटक्यासाठी नेमक्या जागी आणून थांबवायचा. खरी विद्या त्या थांबवण्यात आहे. चेंडू पॉकेटमध्ये घालणारे पुष्कळ असतात.

वत्तनाने असा ब्रेक, म्हणजे एकाच पाळीतला सलग खेळ, १९९१ मध्ये बर्मिंगहॅमला वर्ल्ड मास्टर्समध्ये केला. आणि दुसऱ्यांदा केला १९९२ च्या ब्रिटिश ओपनमध्ये, टोनी ड्रॅगोविरुद्ध. सात मिनिटं आणि नऊ सेकंदांत. तोवरचा तो सर्वांत वेगवान १४७ होता. हिशोब केला तर एका चेंडूला बारा सेकंदही येत नाहीत. बारा फूट लांब टेबलाभोवती चालत जाणं, क्यूच्या टोकाला खडू लावणं, वाकणं, नेम धरणं, सगळं त्या बारा सेकंदांत.

त्याच दिवशी बँकॉकमध्ये त्याच्या वडिलांवर गोळ्या झाडल्या गेल्या. त्यात त्यांचा मृत्यू झाला.

बावीस वर्षांचा मुलगा. आयुष्यातला सर्वांत सुंदर खेळ आणि सर्वांत वाईट बातमी, दोन्ही एकाच तारखेला. त्याच्या मनात काय चाललं असेल, ते मी बोलून दाखवणार नाही. तो अधिकार माझा नाही. मी फक्त पुढचा निकाल सांगतो. त्याच स्पर्धेत वत्तना अंतिम फेरीपर्यंत गेला. जिमी व्हाइटने त्याला १०-७ ने हरवलं. मी हा स्कोअर कितीदा तरी वाचला आहे आणि दर वेळी त्या सातांपाशी थांबतो. त्या अवस्थेत, परक्या देशात, त्या माणसाने अंतिम सामन्यात सात फ्रेम, म्हणजे सात डाव, जिंकल्या.

त्याच वर्षी त्याने स्ट्रॅचन ओपन जिंकली. अंतिम फेरीत जॉन पॅरट, आदल्या वर्षीचा विश्वविजेता, ९-५. व्यावसायिक क्रमवारीसाठी मोजल्या जाणाऱ्या स्पर्धेत वत्तनाचं हे पहिलं विजेतेपद. १९९३ मध्ये तो विश्वविजेतेपद स्पर्धेच्या उपांत्य फेरीत पोहोचला, जिथवर आशियातलं कुणी तोवर गेलं नव्हतं. तिथेही पुन्हा जिमी व्हाइटच आडवा आला.

नव्वदच्या दशकात आमच्या घरी केबल आली तेव्हा माझे वडील स्नूकर बघत बसायचे. नियम त्यांना कधीच नीट समजले नाहीत. पण आवाज बारीक करून, जणू आपल्या बोलण्याने खेळाडूचा नेम चुकेल अशा काळजीने बघायचे. काळ्या केसांचा, सावकाश चालणारा हा मुलगा टेबलापाशी आला की म्हणायचे, "हा आपल्याकडचा." थायलंड नकाशावर कुठे आहे, यापेक्षा त्यांना ते महत्त्वाचं वाटे. त्या पंचांच्या आणि प्रेक्षकांच्या गोऱ्या गर्दीत तो आपल्याकडचाच होता, हे मलाही पटायचं.

ब्रिटिश ओपनची अंतिम फेरी तो १९९३ मध्येही खेळला. डेव्हिसने १०-२ असं हरवलं. १९९४ मध्येही खेळला. त्या वेळी रॉनी ओ'सलिव्हन नावाच्या अठरा वर्षांच्या पोराने ९-४ ने हरवलं. एकच अंतिम फेरी, लागोपाठ तीन वर्षं, तिन्ही वेळा हार. चरित्र लिहिणारे अशा ओळी भरभर ओलांडून विजेतेपदांकडे जातात. मला मात्र वत्तना या तीन वर्षांत जास्त दिसतो. हरून पुन्हा त्याच दारात उभं राहायला काय लागतं, ते ज्यांनी कुठलीही परीक्षा पुन्हा पुन्हा दिली आहे त्यांना विचारा.

१९९४ मध्ये बँकॉकला थायलंड ओपन झाली. अंतिम फेरीत समोर स्टीव्ह डेव्हिस. सोळाव्या वर्षी याच शहरात हरवलेला तोच डेव्हिस, मधल्या काळात आणखी तीन वेळा, म्हणजे एकूण सहा वेळा विश्वविजेता झालेला. वत्तना ९-७ ने जिंकला. पुढच्या हंगामात तो जागतिक क्रमवारीत तिसरा होता.

आणि १९९५ मध्ये पुन्हा तीच स्पर्धा, पुन्हा बँकॉक, पुन्हा अंतिम फेरी. या खेपेला समोर ओ'सलिव्हन होता, एकोणीस वर्षांचा. बरोबर त्याच वयाचा, ज्या वयात वत्तना याच शहरात हेंड्रीकडून हरला होता. वत्तना ९-६ ने जिंकला. तेव्हा तो स्वतः पंचवीस वर्षांचा होता.

नमस्कार.