वन्समोअर कुणी कापला?

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय तो असा की संगीत नाटकातला गायक नट रेकॉर्डवर आणि टीव्हीवर यशस्वी कसा होतो. विषय आयोजकांचा आहे, माझा नाही. मी फोनवर म्हटलं होतं की अहो मी ऑर्गनवाला माणूस, तीस वर्षं पिटात, म्हणजे स्टेजपुढच्या वादकांच्या खड्ड्यात बसलोय, मला लोकांचं यश खालून दिसतं, म्हणजे आधी पाय दिसतात. त्यावर ते म्हणाले, मग पायांवर बोला. (हशा) हसू नका, पायांवरून खूप कळतं. पद संपलं, टाळ्या पडल्या, आणि नट मागच्या पायावर भार टाकून उभा राहिला की समजायचं हा वन्समोअर घेणार. पुढच्या पायावर राहिला तर तो पुढचं वाक्य बोलणार, तेव्हा मी हात उचलायचा. हे मला कुणी शिकवलं नाही, चुकून चुकून शिकलो.

तर मला बोलायचंय वन्समोअरवर. शब्द इंग्रजी, पण तिकडच्या थिएटरात असं कुणी ओरडत नाही, ते म्हणतात एन्कोअर, म्हणजे त्यांनी फ्रेंचांकडून उसना घेतला आणि आपण इंग्रजांकडून घेऊन पार मराठी करून टाकला. आणि वन्समोअर म्हणजे फक्त कौतुक नव्हे हो. १८८०मध्ये पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांनी 'शाकुंतल' आणलं तेव्हापासून नाटक किती वाजता संपणार हे लेखकाच्या हातात राहिलंच नाही. आधीच पदं शंभराच्या वर, त्यात प्रेक्षक म्हणाला परत, की परत. दुसऱ्यांदा गाताना नट तेच गात नाही, पहिल्यांदा जी जागा लोकांना लागली ती तो आता मोठी करतो, नको ती सोडून देतो. म्हणजे ते पद अर्धं समोरच्यांनी बसवलेलं असायचं. माझं म्हणणं एवढंच आहे, बाकी सगळा मसाला. रेकॉर्ड आली, टीव्ही आला, तेव्हा पहिली गोष्ट कापली गेली ती ही. आणि जे नट तिकडे टिकले ते का टिकले, ते मी शेवटी सांगणार आहे, वेळ उरला तर.

आता एक हकिगत सांगतो, थोडी लांब आहे. एका वाहिनीवर, नाव घेत नाही, पोटापाण्याचा प्रश्न आहे, दिवाळीच्या कार्यक्रमात एक नाट्यपद हवं होतं. आमच्या बाई, म्हणजे ज्यांच्याबरोबर मी खूप वर्षं वाजवलं, संगीत नाटकातल्या मुरलेल्या गायिका, त्यांना बोलावलं. बाई म्हणाल्या, ऑर्गन माझा येईल. तर आम्ही टेंपोत घालून ऑर्गन नेला. स्टुडिओत गेल्यावर पहिला प्रश्न, "हे फ्रेममधून काढता येईल का?" मी म्हटलं वाजवायचं कुणी? तर म्हणे तुम्ही वाजवा, पण दिसू नका. आता पिटात बसून तीस वर्षं मी दिसत नव्हतोच, त्यामुळे मला अपमान वगैरे वाटला नाही, बाईंना वाटला.

मग साउंडवाला मुलगा आला, बिचारा गुणी होता. त्याने बाईंच्या पदराला माइक लावला. बाईंनी पहिला षड्ज लावला तसा त्याने कानावरचे हेडफोन उपटून काढले. म्हणाला, मॅडम जरा हळू. बाई हळू गायल्या, म्हणजे त्यांच्या मते हळू, शेवटच्या रांगेऐवजी शेवटून तिसऱ्या रांगेपर्यंत. तो म्हणाला अजून हळू. असं करत करत बाईंचा आवाज इतका खाली आला की मला सूर ऐकू येईना आणि मी तालमीच्या सवयीने जास्त जोरात भाता मारायला लागलो, आणि त्या ऑर्गनच्या पायट्या करकरतात, थिएटरात ते कुणाला कळत नाही, इथे तो मुलगा विचारतोय, "सर, हा आवाज कसला येतोय, दार उघडं आहे का?" मग कुणीतरी माझ्या पायाखाली सतरंजीची घडी दिली. बूट काढून, मोज्यांवर, सतरंजीवर मी ऑर्गन वाजवलाय.

पण ते सोडा. खरी गंमत पुढे. वेळ दीड मिनिट. मी विचारलं, मुखडा आणि एक अंतरा? तर म्हणे नाही, मुखडा, मग तुमचं ते आआ, मग मुखडा. ते आआ! बरं. नाटकात पदाआधी वाक्य असतं, त्या वाक्याच्या शेवटच्या तीन-चार शब्दांखाली मी हळूच सूर धरतो, नट बोलता बोलता तो सूर उचलतो आणि बोलण्यातून गाणं कधी झालं ते कळत नाही. सगळी कला तिथे आहे. इथे वाक्यच नाही. निवेदिका म्हणाली, "आणि आता", की गायचं. बाईंनी मला विचारलं, मी कुणाशी बोलतेय? मी म्हटलं त्या लाल दिव्याशी.

आता प्रेक्षक. समोर साठ-सत्तर माणसं आणून बसवली होती, काही कॉलेजची मुलं, काही जवळच्या सोसायटीतली ज्येष्ठ मंडळी, सगळ्यांना नाश्त्याची पाकिटं. गाणं व्हायच्या आधीच त्यांचं शूटिंग झालं. म्हणजे रिकाम्या स्टेजकडे बघून, "आता खूश व्हा", "आता डोळे मिटा", "आता टाळ्या". दहा मिनिटं टाळ्या वाजवून घेतल्या. आणि मग त्या दिग्दर्शकाला आठवलं असणार की नाट्यसंगीत आहे, तो ओरडला, "एक वन्समोअर पण घेऊन टाकू!" आणि साठ-सत्तर माणसं पाकिटं मांडीवर ठेवून ओरडली, वन्समोअर! मंडळी, बाई विंगेत चहा पीत होत्या. त्यांनी कप खाली ठेवला, पदर सारखा केला आणि चालत स्टेजवर आल्या. सवय! मी त्यांचे पाय बघितले, भार मागच्या पायावर. मी सूर धरला. आणि बाई गायल्या. कॅमेरे बंद, दिवे अर्धे, माइक काढून ठेवलेला, साडेअकरा-बारा मिनिटं गायल्या, शेवटच्या रांगेपर्यंत. ती मुलं ऐकत राहिली, नंतर कुणी न सांगता परत ओरडली. हे काहीच रेकॉर्ड झालं नाही. दिवाळीला कार्यक्रम लागला, दीड मिनिटाचं पद झालं, त्यावर तो आधी घेतलेला वन्समोअर चिकटवलेला, आणि वन्समोअरनंतर काय? साबणाची जाहिरात. बाईंनी फोन केला, म्हणाल्या, अहो लोकांनी मागितलं आणि आपण उटणं दिलं.

चिठ्ठी आली. पंधरा मिनिटं म्हणतात. बघू.

हे काही टीव्हीनेच सुरू केलं असं नाही, हे मूळ तबकडीचं. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या तबकडीवर एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटं. आणि सुरुवातीला माइक नव्हता, कर्णा होता, त्याच्यात तोंड घालून गायचं, सुईला ढकलेल एवढा आवाज हवा. म्हणजे गंमत बघा, पहिल्या काळात नाटकवाल्याचा खणखणीत आवाज हा यंत्राला सोयीचाच होता! (मध्येच सांगतो, गायिका गौहर जाननी १९०२मध्ये रेकॉर्डिंग केलं आणि शेवटी इंग्रजीत स्वतःचं नाव सांगितलं, तो काही तोरा नव्हता, तबकड्या जर्मनीत हॅनोव्हरला छापून व्हायच्या, तिथल्या कामगाराला लेबल कुणाचं लावायचं ते कळायला हवं ना.) मग १९२५च्या आसपास विजेचं रेकॉर्डिंग आलं आणि माइकला हळू आवाज आवडायला लागला. नाटकवाल्यांची पंचाईत तिथून.

बालगंधर्वांचं बघा. १९११चं 'मानापमान', १९१६चं 'स्वयंवर', चाली अनुक्रमे गोविंदराव टेंबे आणि भास्करबुवा बखले यांच्या, दोघंही विस्ताराला जागा ठेवणारे. स्टेजवर पद लोक सोडतील तेव्हा संपायचं. तेच तबकडीवर साडेतीन मिनिटांत. आपण आज बालगंधर्व म्हणून जे ऐकतो ते हे, भरजरी शालूचा नमुन्यापुरता कापलेला तुकडा. तरी त्यात जीव आहे, का आहे त्याकडे येतो. पण १९३५मध्ये प्रभात फिल्म कंपनीने त्यांना 'धर्मात्मा' चित्रपटात घेतलं, व्ही. शांताराम दिग्दर्शक, भूमिका एकनाथांची, म्हणजे पुरुषाची, आणि प्रभातबरोबरचं ते प्रकरण त्या एकाच चित्रपटात आटोपलं. लोक म्हणतात वय झालं होतं, स्त्रीवेष नव्हता. असेल. मी म्हणतो समोर कुणी वन्समोअर मागणारं नव्हतं. हे माझं मत, पुरावा विचारू नका.

याच्या उलट ज्योत्स्नाबाई भोळे. १९३३ला 'आंधळ्यांची शाळा', १९४२ला 'कुलवधू', आणि बरोबरीने भावगीतं, रेडिओ. ज्योत्स्नाबाईंचा आवाज माइकने उचलला कारण त्या गाणं सांगायच्या, एका माणसाला सांगितल्यासारखं. हजार माणसांसमोरही एकालाच. हा मुद्दा लक्षात ठेवा, हाच मुख्य आहे, आणि मला यावर अर्धा तास बोलायचं होतं, तो अर्धा तास सतरंजीत गेला.

मग १९६४, 'मत्स्यगंधा'. संगीतकार जितेंद्र अभिषेकीबुवांनी पद आटोपशीर केलं. जुने जाणते कुरकुरले. पण बघा, पदच जर चार मिनिटांचं असेल तर तबकडीला कापायला उरतं काय? गायक नट रामदास कामत एअर इंडियात नोकरी करून गायचे, घराघरात पोचले ते रेकॉर्ड आणि रेडिओवरून. आणि आशालता वाबगावकर, 'गर्द सभोवती' गाणारी सत्यवती, पुढे हिंदी-मराठी सिनेमे, मालिका, अगदी २०२०मध्ये गेल्या त्या साताऱ्याकडे मालिकेचं शूटिंग चालू असताना, करोनाने. नव्या पिढीला त्या फक्त टीव्हीवरची आजी म्हणून माहीत, गायच्या हे सांगितलं की मुलं खोटं समजतात.

१९६७चं 'कट्यार काळजात घुसली'. वसंतराव देशपांडे, दिवसा मिलिटरी अकाउंट्सची नोकरी केलेला माणूस, आणि त्यातला गवई खाँसाहेब असा उभा केला की आजही तो आवाज डोक्यातून जात नाही. तिथे एक मोठा घोटाळा आहे. 'घेई छंद मकरंद' त्या नाटकात दोनदा येतं, दोन घराण्यांच्या दोन पद्धतीने, एक संथ, एक चढं. स्टेजवर ते भांडण आहे. तुमच्या फोनवर ती दोन गाणी आहेत, आणि मोबाइल त्यातलं एक वाजवून पुढे तिसरंच लावतो. भांडणातला एकच माणूस ऐकायचा आणि निकाल द्यायचा, असं आहे हे.

पाच मिनिटं. बरं, बरं. उरलेलं पळवतो.

२ ऑक्टोबर १९७२ला मुंबई दूरदर्शन सुरू झालं आणि क्लोजअप आला. शेवटच्या रांगेला तानेत तोंड कसं होतं ते दिसत नाही, टीव्हीला गळ्याची शीर दिसते. तिथे काही थोर गवई पडले, गाण्यात नाही, तोंडात. जे टिकले त्यांचा चेहरा गाताना बोलत होता. प्रशांत दामले घ्या. गळा त्यांचा गवयाचा आहे असं ते स्वतःही म्हणणार नाहीत, पण 'एका लग्नाची गोष्ट'मधलं सुखाचं गाणं लग्नाच्या वाढदिवसाला वाजतं, आणि स्वयंपाकाच्या कार्यक्रमात तोच माणूस कढईशेजारी उभा राहून ताईंशी बोलायचा ते प्रेक्षकाशी बोलावं तसंच. एका दिवसात पाच प्रयोग केलेत त्यांनी, ६ नोव्हेंबर २०२२ला षण्मुखानंदला साडेबारा हजारावा प्रयोग झाला. एवढे प्रयोग केल्यावर माणूस कॅमेऱ्यात बघत नाही हो, तो कॅमेऱ्याच्या मागे बसलेल्या पंधराव्या रांगेकडे बघतो. टिकण्याचं कारण म्हणतात ते हे. बालगंधर्वांच्या तबकडीत जीव आहे तोही यामुळेच, कर्णा असो की माइक, समोर माणूस धरून गायलेत ते. ज्याला रिकाम्या स्टुडिओत वन्समोअर ऐकू येतो तो तरतो. सतरंजीवरच्या आमच्या बाईंना तो ऐकू आला होता, फक्त तेव्हा कॅमेरा बंद होता.

आणि राहुल देशपांडे, महेश काळे यांनी २०१०मध्ये 'कट्यार' परत स्टेजवर आणलं, मग २०१५चा सिनेमा, महेशला 'अरुणी किरणी'साठी राष्ट्रीय पुरस्कार, पुढे राहुलला 'मी वसंतराव'साठी. या पुरस्कारांआधी प्रयोग आहेत, एवढं तरी लिहून घ्या. टीव्हीवरच्या लहान मुलांच्या गाण्याच्या स्पर्धेवर, लिट्ल चॅम्प्सवरही बोलायचं होतं, २००८-०९ची ती मुलं, टीव्हीवरून उलटी नाट्यपदांकडे लोकांना घेऊन आली, त्यातल्या दोघांचं तर लग्नच झालं एकमेकांशी, पण ते राहिलं.

थांबतो. सूत्रसंचालक बाई खुर्चीतून उठल्यात, आणि भार पुढच्या पायावर आहे.