७२ तासांचा हिशेब

(दृश्य: मेडिकलच्या काउंटरवर पुढे सरकवलेलं छोटं पाकीट)

आत गोळी एकच, असुरक्षित संबंधानंतर गर्भ राहू नये म्हणून तातडीने घ्यायची. लिव्होनॉरजेस्ट्रेल, १.५ मिलिग्रॅम. भारतात २००५ पासून हिला डॉक्टरांची चिठ्ठी लागत नाही. सरकारी दवाखान्यात ती ‘इझी पिल’ म्हणून मिळते. पाकिटावर ‘संबंधानंतर ७२ तासांत’ असं लिहिलेलं असतं आणि घोळ तिथूनच सुरू होतो. तीन दिवस आहेत ना हातात! मग ओळखीचं दुकान नको, काउंटरवर पुरुष नको, गर्दी नको. यात एक रात्र जाते, मग दुसरी.

(दृश्य: पाळीचक्राचं रेखाचित्र)

ही गोळी अंडाशयातून बीज सुटणं लांबवते. शुक्राणू शरीरात पाच दिवसांपर्यंत तग धरतात. तोवर बीज अडलं, तर गर्भ राहत नाही. बीज आधीच सुटलं असेल, तर गोळीचा उपयोग जवळपास नाही. म्हणून बाराव्या तासाला घेतलेली गोळी सत्तराव्या तासाच्या गोळीपेक्षा भरवशाची. राहिलेला गर्भ ती पाडत नाही. गर्भपाताच्या गोळ्या, मिफेप्रिस्टोन आणि मिसोप्रोस्टॉल, वेगळ्या. त्यांना चिठ्ठी लागते. काउंटरपलीकडेही हा गोंधळ असतो.

सगळ्यात महागात पडणारा समज म्हणजे ‘या महिन्याची घेतली आहे’. लांबलेलं बीज पुढे सुटतंच. चार दिवसांनी पुन्हा कंडोमशिवाय संबंध आला, तर आधीची गोळी कामाची नाही. वारंवार घेतल्याने वांझपण येत नाही, ती भीती खोटी. पाळी मात्र मागेपुढे होते, आणि उशीर गोळीमुळे की गर्भामुळे, हे कळेनासं होतं.

गोळीनंतर दोन तासांत उलटी झाली, तर दुसरी घ्यावी लागते. टीबीचं रिफॅम्पिसिन, फिट्सवरचं कार्बामाझेपिन किंवा फेनिटॉइन चालू असेल, तर असर घटतो. तांबीला, म्हणजे गर्भाशयात बसवायच्या कॉपर-टीला, या औषधांचा अडथळा नाही. संबंधानंतर पाच दिवसांच्या आत बसवली, तर तिच्याइतका खात्रीचा तातडीचा उपाय दुसरा नाही. शिवाय ‘३८०-ए’ प्रकारची तांबी पुढे १० वर्षं चालते. अविवाहित मुलीला हा पर्याय सांगायला मात्र कुणाची जीभ रेटत नाही.

(दृश्य: भिंतीवरची दिनदर्शिका)

गोळीनंतर काही दिवसांत थोडं रक्त गेलं, तर ती पाळी धरू नये. पाळी आठवडाभर लांबली किंवा नेहमीपेक्षा फारच कमी गेली, तर लघवीची चाचणी करावी. तारखांचा ताळमेळ लागत नसेल, तर संबंधाच्या दिवसापासून २१ दिवस मोजून.