प्रोजेक्ट दुसऱ्याच्या मशीनवर चालला पाहिजे

(दादर येथे वेब डेव्हलपमेंट शिकणाऱ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. तुमच्यापैकी बरेच जण अजून कॉलेजात आहेत, काही जण नोकरी सांभाळून पार कर्जत-कसाऱ्याहून आलेत. एचटीएमएल, सीएसएस, जावास्क्रिप्ट तुम्ही शिकता, छान शिकता. पण रिकाम्या फोल्डरपासून प्रोजेक्ट उभा कसा करायचा, हे शेजारी बसून सहसा कोणी सांगत नाही आणि पहिल्या नोकरीत नेमकं तिथेच अडतं. म्हणून आज फक्त त्याबद्दल बोलणार आहे.

एक काम डोळ्यांसमोर ठेवू. परळ-लालबागकडच्या एखाद्या जुन्या वाचनालयाची मराठी पुस्तकांची यादी वेबवर आणायची आहे. लेखकाच्या नावाने शोधता यावं, पुस्तक कपाटात आहे की वाचकाकडे ते कळावं. काम करणारे तिघे. एकाकडे विंडोज, दुसऱ्याकडे मॅक आणि साइट शेवटी चढणार लिनक्स सर्व्हरवर. अशा कामात माझा आग्रह एकच असतो: जे काही ठरवाल ते प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये लिहिलेलं सापडलं पाहिजे. ते एकाच्या लॅपटॉपमध्ये किंवा डोक्यात राहिलं, तर उद्या तो माणूस रजेवर गेला की काम थांबतं.

सुरुवात नोडपासून, म्हणजे ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या प्रोग्रामपासून. एलटीएस, म्हणजे दीर्घकाळ सांभाळली जाणारी आवृत्ती घ्या आणि तिचा आकडा ‘डॉट एनव्हीएमआरसी’ फाईलमध्ये लिहा. प्रोजेक्टची माहिती आणि त्याला लागणारी पॅकेजं, म्हणजे इतरांनी लिहिलेला तयार कोड, जिथे नोंदवतात त्या पॅकेज डॉट जेसनमध्ये ‘इंजिन्स’ खालीही लिहा. मात्र पॅकेजं उतरवून देणारा एनपीएम तिथला आकडा जुळला नाही तर नुसता इशारा देतो, अडवत नाही. अडवायला हवं असेल तर ‘इंजिन-स्ट्रिक्ट’ चालू करावं लागतं.

आता लॉक फाईल. हिच्यावर मी जरा वेळ घेणार आहे. पॅकेज डॉट जेसनमध्ये आवृत्तीच्या आकड्याआधी कॅरेटची खूण असते. ‘कॅरेट ४.२.१’ म्हणजे ४.२.१ किंवा त्यानंतरची, पण ५ च्या आतली कुठलीही आवृत्ती चालेल. तुम्ही सोमवारी इन्स्टॉल केलं, मैत्रिणीने शुक्रवारी केलं, तर दोघांकडे वेगवेगळा कोड उतरू शकतो. शिवाय तुम्ही पाच पॅकेजं मागितली तरी त्यांच्या पोटातून शेकडो येतात. मार्च २०१६ मध्ये लेफ्ट-पॅड नावाचं अवघं ११ ओळींचं पॅकेज त्याच्या लेखकाने एनपीएमवरून काढून घेतलं आणि बॅबेल या जावास्क्रिप्टचं रूपांतर करणाऱ्या साधनावर उभ्या असलेल्या असंख्य प्रोजेक्टांचे बिल्ड, म्हणजे कोडमधून चढवण्याजोगी साइट तयार करायचं काम, जगभर कोसळले. त्यातल्या बहुतेकांना आपण लेफ्ट-पॅड वापरतो हे माहीतही नव्हतं. काही तासांत ते परत ठेवण्यात आलं.

पॅकेज-लॉक फाईल एनपीएम ५ सोबत २०१७ मध्ये आली. प्रत्येक पॅकेजची नेमकी आवृत्ती, ते कुठून उतरवलं तो पत्ता आणि त्यातला मजकूर बदललेला नाही हे तपासायचा हॅश, म्हणजे मजकुरावरून काढलेला ठसा, हे सगळं ती नोंदवते. पॅकेजच गायब झालं तर ती काही करू शकत नाही, पण तुमच्या नकळत आवृत्ती बदलणार नाही याची हमी देते. म्हणून ती गिटमध्ये, म्हणजे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनात, गेलीच पाहिजे. हजारो ओळींचा फरक दिसतो म्हणून अनेक जण घाबरून तिला वगळतात. कृपा करून तसं करू नका. उतरवलेली पॅकेजं ज्यात असतात तो नोड-मॉड्यूल्स फोल्डर मात्र गिटमध्ये कधीच नको. आणि दुसऱ्याचा प्रोजेक्ट घेतल्यावर ‘एनपीएम इन्स्टॉल’ऐवजी ‘एनपीएम सीआय’ चालवा. तो लॉक फाईलबरहुकूम उतरवतो आणि ती आणि पॅकेज डॉट जेसन यांत तफावत असेल तर तिथेच थांबतो.

बिल्ड टूल कुठलं? आज नवीन प्रोजेक्टसाठी मी व्हीट सुचवेन. वेबपॅक २०१२ पासून आहे, मोठ्या कंपन्यांत अजून भेटेल, तेव्हा तोंडओळख असू द्या. वेबपॅक आधी सगळ्या फायली एकत्र बांधतो आणि मग पान दाखवतो. २०१७-१८ च्या सुमारास मुख्य ब्राउझरांना जावास्क्रिप्ट मॉड्यूल्स थेट कळू लागली. २०२० मध्ये आलेल्या व्हीटने त्याचा फायदा घेतला: काम चालू असताना ब्राउझर जी फाईल मागेल तेवढीच तयार करून द्यायची. म्हणून प्रोजेक्ट वाढला तरी तो पटकन सुरू होतो. साइट चढवताना मात्र तोही सगळं बांधतोच, कारण लोकलमध्ये उभं राहून मोबाईलवर पान उघडणाऱ्याला शेकडो छोट्या फायली एकेक करून मागायला लावणं परवडत नाही. बांधलेल्या फायलींच्या नावात मजकुरावरून काढलेला हॅश असतो. मजकूर बदलला की नाव बदलतं, त्यामुळे न बदललेली फाईल ब्राउझर खुशाल साठवून ठेवू शकतो.

व्हीटचा साचा उघडलात की सर्वांत आधी इंडेक्स डॉट एचटीएमएलमध्ये जा. तिथे भाषा ‘ईएन’ लिहिलेली असते, ती ‘एमआर’ करा. ज्या फॉन्टमध्ये मराठी वळणाचे ल आणि श वेगळे दिलेले असतात, तो याच खुणेवरून ते निवडतो. अंध वाचकाचा स्क्रीन रीडरही कुठल्या आवाजात वाचायचं ते इथूनच ठरवतो. आपल्या भाषेची साइट आहे, तर हे आपणच करायला हवं.

वाचनालयाची यादी बहुधा एक्सेलमध्ये मिळेल. विंडोजवर ती साधी सीएसव्ही, म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली मजकुराची फाईल, म्हणून सेव्ह केली तर देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हं येतात, म्हणून ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ निवडा. तरी एक अडचण उरते. अशा फाईलच्या अगदी सुरुवातीला एक न दिसणारी खूण बसते, तिला बीओएम म्हणतात. पहिल्या रकान्याचं नाव ‘शीर्षक’ दिसतं, पण कोड ‘शीर्षक’ मागतो तेव्हा काहीच हाती लागत नाही, कारण त्या नावाला ती खूण चिकटलेली असते. व्हीएस कोड या एडिटरमध्ये खाली उजव्या कोपऱ्यात ‘यूटीएफ-८ विथ बीओएम’ असं लिहिलेलं दिसेल. तिथेच क्लिक करून बीओएमशिवाय सेव्ह करता येतं.

याहून चिवट प्रश्न ‘ऱ्या’चा आहे. ‘वाऱ्यावर’ हा शब्द दोन तऱ्हांनी टाइप होतो. एका कीबोर्डवरून ऱ, हलन्त, य असा येतो. दुसऱ्यावरून साधा र, हलन्त, मग न दिसणारं जोडचिन्ह आणि य. पडद्यावर दोन्ही तंतोतंत सारखे. पण शोधलं तर एक सापडतो, दुसरा नाही, आणि वाचकाला वाटतं की पुस्तक वाचनालयात नाहीच. युनिकोडचं प्रमाणीकरण, म्हणजे जावास्क्रिप्टमधलं ‘नॉर्मलाइज’, इथे पुरत नाही, कारण ते जोडचिन्हाला हात लावत नाही. तेव्हा एक छोटं फंक्शन लिहा: र, हलन्त, जोडचिन्ह दिसलं की त्या जागी ऱ आणि हलन्त. पॅकेज डॉट जेसनमध्ये ‘प्रीबिल्ड’ नावाची स्क्रिप्ट ठेवली की एनपीएम ती ‘बिल्ड’च्या आधी आपोआप चालवतो, यादी तिथून गाळून घ्या, काम चालू असताना चालवायच्या ‘डेव्ह’साठी ‘प्रीडेव्ह’ही ठेवा. शोधपेटीत वाचक जे टाइप करेल तेही याच फंक्शनमधून गेलं पाहिजे, नाहीतर अर्धंच काम झालं. बिल्ड म्हणजे नुसतं कोड बारीक करणं असं समजू नका. आपल्या मजकुराची अशी देखभाल करायची हीच जागा आहे.

एडिटर कुठलाही चालेल, पण नियम फोल्डरमध्ये हवेत. एडिटर-कॉन्फिग फाईलमध्ये यूटीएफ-८, इंडेंट आणि ओळीचा शेवट एलएफ असं ठरवा. मांडणी प्रिटियरवर सोपवा, चुका ईएसलिंट दाखवेल. तिघांनी तीन तऱ्हांनी मोकळी जागा सोडली, तर गिटमध्ये खरा बदल शोधताना डोळे शिणतात. व्हीएस कोड वापरत असाल तर ‘डॉट व्हीएसकोड’ फोल्डरात सुचवलेल्या एक्स्टेन्शन्सची यादी ठेवा, नव्या माणसाला ती आपोआप विचारली जाते.

फायलींची नावं सगळी इंग्रजीतल्या लहान अक्षरांत ठेवा. फाईल कॅपिटल एचने ‘हेडर’ आणि इम्पोर्ट छोट्या एचने, हे विंडोज आणि मॅकवर सहसा चालून जातं. लिनक्स दोन वेगळ्या फायली समजतो आणि बिल्ड नेमका साइट चढवायच्या रात्री मोडतो.

गुप्त किल्ल्यांबद्दल एवढंच सांगतो, पण गांभीर्याने घ्या: व्हीटमध्ये ‘व्हीआयटीई’ आणि अंडरस्कोअरने सुरू होणारी सेटिंग्ज कोडमधून वापरलीत की ती बांधलेल्या फायलीत उतरतात, म्हणजे ती कुणालाही वाचता येतात. पासवर्ड तिथे नको.

आता चहा घेऊ. नंतर प्रत्येकाने आपल्या प्रोजेक्टचा गिटवरचा पत्ता शेजाऱ्याला द्यायचा. गिटवरून शेजाऱ्याचा प्रोजेक्ट आपल्या लॅपटॉपवर नव्या फोल्डरमध्ये उतरवा, ‘एनपीएम सीआय’ आणि ‘एनपीएम रन बिल्ड’ चालवा. ज्याचा प्रोजेक्ट त्याने बोलायचं नाही. जे काही तोंडी विचारावंसं वाटेल, ते त्याच्या रीडमी फाईलमध्ये राहून गेलंय असं समजा आणि तिथेच लिहून ठेवा.